काठापासून काठापर्यंत

मुकादमीणबाईंच्या हातातली आठ फुटी काठी म्हणजे नुसते मापाचे साधन नव्हते. चौदा बायकांच्या टोळीवर चालणारा तो राजदंड होता. सात वर्षांपूर्वी ही बोडकी टेकडी वनलागवडीखाली आली, तेव्हा याच काठीने त्यांनी दोन रोपांमधले अंतर डोळ्यांत तेल घालून राखले होते. एखादीने घाईत खड्डा जरा अलीकडे घेतला, की बाई तो बुजवायला लावीत. टोळीतल्या बायका त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. आणि दिवसाचे काम आटोपले, की तोंडावरही म्हणत.

म्हणूनच तपासनीस साहेबांनी झाडे मोजून वही मिटली आणि "शंभरातली जवळजवळ तीस झाडं गायब आहेत," असे म्हटले, तेव्हा बाईंना वाटले, साहेबांचीच मोजणी चुकली. साहेबांच्या मनात मात्र निराळेच होते.

"सरपणाला गेली ना? खरं सांगा. चोरीचा शेरा बसला, तर पलीकडच्या टेकडीची लागवड दुसऱ्या टोळीला द्यावी लागेल मला."

लागवड सुरू झाल्यापासून गावातल्या बायकांना वर्षातले आठ महिने काम घरापासून हाकेच्या अंतरावर मिळत होते; खडी फोडायला शहराकडे जाण्याचे आता कुणी नावही काढीत नव्हते. पलीकडची टेकडी हातची गेली, तर चौदा घरांतली गाठोडी पुन्हा बांधली जाणार, हे निश्चित होते.

बाईंच्या धाकट्या जाऊबाईंना मात्र भीती ठाऊकच नव्हती. "साहेब, झाड चोरलं तर बुंधा तरी मागे राहील की नाही? एक बुंधा दाखवा, नाक घासते. का आम्ही इतके टापटिपीचे चोर, की झाड मुळासकट उपटतो आणि वर जमीनही सारवून ठेवतो?"

साहेबांनी चहूकडे पाहिले. बुंधा खरोखरच कुठे नव्हता.

"मग लावलीच कमी!"

"कमी?" बाई उसळल्या. "माझी काठी मोजा आधी!"

साहेबांनी फीत लावली. काठी बरोबर आठ फूट भरली. केसाचाही फरक नाही. बाईंनी विजयी मुद्रेने ती जमिनीवर आडवी टाकली आणि सात वर्षांपूर्वीचे काम जसेच्या तसे करून दाखवू लागल्या. "हा पहिला खड्डा, दीड फूट रुंद. याच्या काठाला काठी टेकवायची. काठी संपली, की तिथून दुसऱ्या खड्ड्याचा काठ..."

बाई एकदम थांबल्या. रोप काठावर लावीत नाहीत. ते मधोमध लावतात. म्हणजे दर अंतरात एका खड्ड्याची रुंदी जादा शिरली होती. आठाचे साडेनऊ झाले होते. आणि ही चूक त्यांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत, आडवी आणि उभी, अत्यंत काटेकोरपणे केली होती.

साहेबांच्या ध्यानात अजून काही आले नव्हते. रोपे वाळली असे सांगून सुटता आले असते. पण जिने जन्मभर दुसऱ्याचे खड्डे बुजवले, तिला स्वतःची चूक बुजवणे जमेना.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या आणि सगळा हिशेब उलगडून सांगितला. "टोळीनं मी सांगितलं तेच केलं. शेरा मारायचा तर एकट्या माझ्यावर मारा. पण यांचं काम काढू नका."

जाऊबाई आ वासून ऐकत होत्या. "थांबा, ताई. म्हणजे तुम्ही मला तीनदा बुजवायला लावलात, तो खड्डा बरोबर होता?"

"होता."

"सात वर्षांनी का होईना, न्याय झाला!"

इतक्यात घंटांचा किणकिणाट झाला. बाईंच्या सासऱ्यांच्या शेळ्या ओळींमधून रमतगमत आल्या.

"या कुणाच्या?" साहेबांनी विचारले.

"आमच्या ओळखीच्या नाहीत," जाऊबाई गंभीरपणे म्हणाल्या. तोच पुढच्या शेळीने त्यांच्या तळहातात तोंड खुपसले.

साहेब रागावले नाहीत. ते पायांखाली पाहत होते. तिथे गुडघाभर गवत होते, मधूनच घेवड्याचे वेल होते. शेजारच्या गावाची टेकडी नियमानुसार आठ फुटांवर लावलेली; तिथे पानांचे छत मिटले, जमीन काळोखात गेली, आणि तिथली माणसे चाऱ्यासाठी दोन तास चालत होती. झाडे तरी पोसावीत, तर तीही नाही. दाटी मोडायला तोडलेल्या काड्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हते.

साहेबांनी एका खोडाला फीत गुंडाळली. मग दुसऱ्याला. दहाव्या खोडापाशी ते हसले; आणि त्यांना हसताना या टेकडीने प्रथमच पाहिले.

"तिथल्यापेक्षा दीडपट जाड! अहो बाई, विरळणी तुम्ही लावतानाच उरकलीत. पलीकडची टेकडीही अशीच लावा. पहिली तीन वर्षं मात्र शेळ्या आत नकोत."

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण स्वभाव जागचा हलला नाही. "लेखी द्या."

साहेबांनी वहीत लिहिले: 'साडेनऊ फूट, मध्यापासून मध्यापर्यंत.' बाईंनी ते दोनदा वाचले.

"माझी काठी आठ फुटांची आहे. काठापासून काठापर्यंत, असं लिहा."

"अहो, अर्थ तोच!"

"अर्थ तोच असेल. पण टोळी काठीवर चालते, अर्थावर नाही."

साहेबांनी मुकाट्याने खोडले आणि पुन्हा लिहिले.

पलीकडच्या टेकडीवर कुदळी पडल्या, त्या सकाळी चौदाही जणी हजर होत्या. जाऊबाईंनी मुद्दाम खड्डा दीड फूट अलीकडे घेतला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ताई, हा बघा. जुन्या नियमानं अगदी बरोबर आहे!"

बाईंनी काठी टेकवली, खड्डा पाहिला आणि ओठांच्या कोपऱ्यातले हसू आवरत म्हणाल्या, "बुजव."