डाव्या नडगीचे पॅड

धाड!

मित्रांनो, माझ्या आयुष्याची सुरुवात लाथेने झाली, म्हणून गोष्टीचीही लाथेनेच करतो. मी नडगीवर बांधायचे एक जुने पॅड आहे. डाव्या पायाचे. माझ्या आत बांबूच्या कामट्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच मोडल्या, त्यामुळे माझी गोष्टही मध्येच मोडते. मोडली की घाबरू नका. पुढची कामटी हाताला लागेल.

मला शिवाजी पेठेतल्या फक्रुद्दीनचाचांनी शिवले. त्यांचा धंदा गाद्यांचा. पण पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की दुकानाला कुलूप. त्याच संघातल्या कृष्णातला सत्तर साली भारताच्या कुमार संघाच्या शिबिराचे बोलावणे आले. तिथे नडगीला पॅड लागते, असे कळले. पेठेत तेव्हा असले काही कुणी बांधत नसे. चाचांनी कामट्या तासल्या, भोवती कापूस ठासला, वर जाड कापड घेतले आणि गादीच्या सुईने टाके घातले. मग मला स्वतःच्याच पायाला बांधले.

"हाण," ते कृष्णातला म्हणाले.

"चाचा, लागंल की!"

"लागलं तर मी गादीवाला कसला? हाण म्हणतो न्हवं!"

तीच ती पहिली धाड. चाचा गाद्यांच्या ढिगात उताणे पडले आणि तिथूनच ओरडले, "पॅड न्हाय मोडलं, मीच मोडलो!"

त्यानंतरची वर्षे नुसत्या लाथांची. तेव्हाच्या बुटांना खाली चामड्याचे स्टड, म्हणजे गोल ठोकळे, खिळ्यांनी ठोकलेले असत. स्टड झिजला की खिळा डोके वर काढी. शिबिरात बचावाला खेळणाऱ्या एका दांडग्या बॅकच्या खिळ्याने माझे कापड वरपासून खालपर्यंत फाडले. कापूस बाहेर आला. आतली नडगी मात्र कोरी राहिली. मला फार अभिमान वाटला. फुटायचे मी, कृष्णातने नाही, असा आमच्यात न बोलता ठरलेला करार होता.

शिबिराचे प्रशिक्षक मुलांना सांगत, "कुमार संघात आलात म्हणून नाचू नका. इथून मोठ्या संघात जाणारे ओंजळभरही नसतात."

"मग बाकीचे जातात कुठं?" कृष्णातने विचारले.

"कुणी बँकेत चिकटतो. कुणाचा गुडघा जातो. कुणी आपल्या गावाला परततो आणि गाव त्याला खाऊन टाकते."

पोरे हसली. कृष्णात सगळ्यांत मोठ्याने हसला.

तो कुमार संघातून परदेशात खेळून आला. पुढे मोठ्या संघाच्या शिबिराची तार आली. सोमवारची गाडी पकडायची होती. आणि रविवारी पेठेची फायनल होती.

तालमीचे वस्ताद अप्पा कट्ट्यावर बसले होते. कृष्णातने भीत भीत विचारले, "अप्पा, मी न खेळता गेलो तर?"

"जा की. कोण अडवतंय? फकस्त परत येताना पेठेतनं येऊ नगंस. शाहूपुरीकडनं वळसा घालून जा."

रविवारी कृष्णातने मला पायाला बांधले.

धाड. धाड. धाड.

त्या रविवारी समोरच्या पेठेचा सयाजी माझ्यावर तुटून पडला. तो बॅक म्हणजे दगडी हाडाचा माणूस. चेंडू कुठेही असो, त्याचा बूट माझ्यावर. माझी एक कामटी मोडली, दुसरी मोडली. कृष्णात पळतच होता. शेवटी सयाजीचाच अंगठा सुजला. तो लंगडत गर्दीकडे वळला आणि ओरडला, "आरं, ह्यो इंडियाचा गडी न्हवं, इंडियाची नवरी हाय! पायाला गादी बांधून आलीया!"

समोरची पेठ हसली. त्यांनी हसायचेच होते. पण मग आमच्या बाजूने आवाज आला, "कृष्ण्या, काढ ती गादी! पेठंची लाज घालवतोस व्हय?"

एक आवाज. मग दहा. मग सगळी बाजू. काढ! काढ! काढ!

अप्पा हाताची घडी घालून बघत उभे होते. एकटे फक्रुद्दीनचाचा ओरडत होते, "न्हाय काढायचं, लेकरा!" त्यांचा आवाज कुणाच्या कानापर्यंत गेला नाही. माझ्यापर्यंत आला.

कृष्णात खाली बसला. उजव्या पायाचा माझा भाऊ सुटला. मग मी. त्याने आम्हाला रेषेबाहेर भिरकावले. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. मित्रांनो, एवढ्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. त्या मला काढल्याबद्दल होत्या.

उघड्या नडगीने त्याने गोल केला. तोच फायनलचा गोल ठरला. पुन्हा चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा सयाजी दोन्ही पायांनी उडाला.

टक्.

कामटी मोडल्याचा आवाज मी ओळखतो. मी स्वतःला चाचपले. माझ्यात नवे काही मोडले नव्हते.

हाड मोजा फाडून बाहेर आले होते. मग दगड सुरू झाले. सयाजीचे डोके फुटले, गोलाचा खांब उखडला, पोलिसांच्या लाठ्या पडल्या. माझा भाऊ त्या धावपळीत चिखलात तुडवला गेला, तो पुन्हा दिसला नाही. मला चाचांनी उचलून कृष्णातच्या घरी पोचवले. फायनल पेठेने जिंकली. मिरवणूक गुलाल उधळत दवाखान्यावरून गेली. आत वळले कुणीच नाही.

सोमवारची गाडी वेळेवर सुटली.

हाड वाकडे जुळले. कृष्णात शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर वजनकाट्यापाशी बसू लागला. त्याची थोरली बहीण, अक्का, मला फडक्यासारखे धरून चुलीवरचे पातेले उतरवी. मी काजळलो. चाचांनी सामन्याच्या दिवशी पुन्हा कधी दुकान बंद ठेवले नाही.

पण कृष्णातचे मैदान सुटले नाही. गर्दीत कुणाचा साधा पाय लागला तरी त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. म्हणून सामन्याला जाताना तो मला विजारीच्या आत, त्या वाकड्या नडगीवर बांधी. कुणाला दिसू नये असा.

शहाऐंशी साल. पुन्हा फायनल. पेठेचा नृसिंह कुमार संघातून खेळून आला होता आणि मोठ्या संघाने त्याला बोलावले होते. त्याच्या पायांना बाजारची चकचकीत पॅडे होती. पहिल्या लाथा बसल्या, आणि ते पुन्हा सुरू झाले.

"नरशा, काढ ते! काढ!"

आणि मित्रांनो, माझ्या अगदी वरून, ज्या देहाला मी बांधलेला होतो त्या देहातून, आवाज आला, "काढ की रं! पेठंचा हायस का कोण?"

कृष्णात ओरडत होता. मी त्याच्या पायावर असताना.

नृसिंह वाकला, बंदाला हात घातला. ओरडायला उभा राहिल्याने कृष्णातच्या नडगीतून कळ गेली. दाबायला त्याचा हात खाली आला, आणि हाताला मी लागलो.

त्याचा आवाज अर्ध्यावर तुटला.

तो लंगडत थेट मैदानात घुसला. "नरशा, बांध."

"दादा, लोकं बघ की काय म्हणत्यात!"

"लोकं मिरवणुकीला येत्यात, दवाखान्यात न्हाय. बांध!" आणि त्याने भर मैदानात विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली. वाकडी नडगी दिसली. मी दिसलो, काजळलेला, फाटका.

मग कुणीतरी हसले, "दुसरी नवरी!" मग आमच्याच बाजूने दगड आला.

धाड! टक्.

मी चाचपले. या वेळी मोडलो होतो तो मीच. खालचे हाड शाबूत होते.

नृसिंहने बंद आवळला. त्या दिवशी पेठ हरली. सोमवारी तो आपल्या पायांनी गाडीत चढला. पुढे मोठ्या संघात टिकला की नाही, ते मला कुणी सांगितले नाही. कृष्णातला मात्र बरेच दिवस पेठेत कुणी रामराम घातला नाही.

माझ्यात आता एकही कामटी धड नाही. मला जपा असे मी म्हणत नाही, माझे काम झाले. पण मित्रांनो, तुमच्यातला कुणी पुढे निघाला आणि सगळी गर्दी 'काढ, काढ' ओरडू लागली, तर तोंड उघडण्याआधी खाली वाका आणि आपली स्वतःची नडगी चाचपून बघा.