घंटी वाजलीच नाही

रोपांच्या खोलीबाहेर चपला नाहीत हे धाकटीने नीट पाहून घेतलं. आत जाणाऱ्याने चपला दाराशी काढायच्या, आणि दाराशी चपला दिसल्या तर बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला कुणी हात लावायचा नाही, हा इथला जुना नियम. तिने बिनधास्त कॉक सोडला आणि शेडमध्ये टोमॅटो निवडायला गेली.

रोपांचं जेवणच न्यारं. उजेड असला की ती पानांच्या बारीक छिद्रांतून हा वायू आत घेतात, मुळांनी वर चढवलेलं पाणी त्याला जोडतात आणि आपली साखर आपणच तयार करतात. म्हणून सकाळी दिवे लावून, खोली बंद करून त्यांना वायू द्यायचा. पुरेसा झाला की मीटरची घंटी वाजते आणि मग कॉक बंद. माणसाला मात्र हाच वायू जास्त झाला की संपलं. वास नाही, रंग नाही, बसल्या जागी माणूस कलंडतो.

"लाइट कधी यायची गं?" टोमॅटो पुसता पुसता पॅकिंगवाली म्हणाली.

"गेलीय?"

"मघाच! तू आलीस आणि गेली."

शेडमध्ये लख्ख ऊन होतं, त्यामुळे धाकटीच्या लक्षातच आलं नव्हतं. लाइट नाही म्हणजे दिवे नाहीत, अंधारात रोपं वायू घेणार नाहीत. मीटरही बंद. घंटी वाजणार कशी? आणि कॉक अर्धा तास तसाच उघडा!

"ताई कुठंय?"

"रोपांकडे, तू यायच्या आधीच. पाण्याची नळी तुंबलीय म्हणाली."

"बाहेर चपला नव्हत्या!"

"कशा असतील? कालच गमबूट मिळालेत तिला. काढवेनात, तशीच आत गेली मिरवत."

धाकटी धावत सुटली. तिने कॉक आवळला, दार सताड उघडलं, श्वास कोंडला आणि आत घुसली. ताई खालच्या फळीशी कुशीवर पडली होती, नळी अजून मुठीत. धाकटीने तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. छाती फुटायला आली. मेली असेल तर? आईला काय सांगू? दारापर्यंतची दहा पावलं संपता संपेनात.

बाहेर उन्हात पॅकिंगवालीने ताईचं तोंड पुसलं, गालावर चापट्या मारल्या. काहीच नाही. मग ताईच्या घशातून घरघर आली, एक मोठा श्वास आला, दुसरा आला. धाकटी हमसून हमसून रडायला लागली. ताईने चाचपडत तिचा हात धरला, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"कॉक..." ताईला बोलवत नव्हतं. "कुणी सोडला?"



"मी," धाकटी म्हणाली.

ताईने आपला हात काढून घेतला.