मोठ्या घराचं पाणी

जाळीवर एकही पान नव्हतं.

ओतीव लोखंडाची जाळी, परातीएवढी, घराच्या मागच्या कोपऱ्याला पावसाच्या पाण्यासाठी जमिनीत बसवलेली. भोवती मॅग्नोलियाच्या झाडाची पानं घोट्यापर्यंत साचली होती. वरची तपकिरी, चामड्यासारखी, खालची कुजून काळी पडलेली. मॅग्नोलिया वर्षभर पानं टाकतो. त्याच्या बरोबर खाली असलेल्या जाळीवर मात्र पान नाही, काडी नाही, कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. मी वाकून पाहिलं. सळ्यांमधल्या फटीही मोकळ्या होत्या.

या घरात अकरा वर्षं कुणी राहत नव्हतं.

"ओथा," मी हाक मारली, "इथे कोण येतं रे?"

ओथा गाडीतून उतरला नव्हता. काच खाली करून उकडलेल्या शेंगा खात होता आणि टरफलं बाहेर टाकत होता. "कोण येणार? मेलेली माणसं येतात."

"कुणीतरी जाळी साफ केलीय."

"मग भूत नीटनेटकं असेल. तू सायन्सवाली, तू शोध. मी इथून धीर देतो."

"ओथा, शेंगा खा आणि तोंड बंद ठेव," मागच्या सीटवरून व्हर्नीसमावशी म्हणाली.

"दोन्ही एकदम कसं जमायचं, आत्या?"

ओथा माझा मामेभाऊ, त्यामुळे माझी मावशी ती त्याची आत्या. गावात त्याचं तळलेल्या माशांचं दुकान आहे. वादळ येणार म्हणून दुकानाच्या दारात रचायला त्याने वाळूची पोती भरून आणली होती आणि ती तशीच गाडीत घेऊन तो आम्हाला सोडायला आला होता. दक्षिणेच्या आखातातून निघालेलं वादळ उद्या दुपारपर्यंत आमच्यावर येणार होतं. हवा अजून हलत नव्हती. आकाशाला जुन्या जस्ताचा रंग आला होता.

मावशीने या घराच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं. तिच्या आईनेही काढलं, आणि आईच्या आईनेही. मालकांच्या घराण्यातले शेवटचे मिस्टर लूशस, बायको नाही, मूल नाही, मरताना घर मावशीच्या नावावर करून गेले. त्याआधी त्यांनी तिचा हात धरून एक वचन घेतलं: व्हर्नीस, तू या घराला हात लावायचा नाहीस. ती हो म्हणाली. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द आमच्याकडे मागे घेता येत नाही. तिने दाराला कुलूप घातलं, किल्ली आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेली, आणि तेव्हापासून ते मोठं घर ना दुरुस्त केलं, ना पाडलं, ना विकलं. जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळाच्या बायका दर वर्षी येतात. मावशी त्यांना गोड चहा देते आणि म्हणते, बघू.

चर्चची माणसंही येतात. त्यांना घर नको असतं. त्यांना मागचा उतार हवा असतो.

त्या उतारावर आमची माणसं पुरलेली आहेत. ज्यांनी या घराच्या विटा भाजल्या ती, आणि गुलामी संपल्यावरही ज्यांना जायला दुसरी जागा नव्हती ती. नावाचे दगड नाहीत. जमिनीत लांबट खळगे आहेत, त्यांवर निळ्या फुलांचा वेल पसरलेला, आणि प्रत्येकावर काहीतरी ठेवलेलं: शिंपले, कंदिलाची काच, बूड फोडलेला कप. गेल्या वसंतात खालच्या रांगेतले दोन खळगे घळीत कोसळले. गावात सगळे म्हणतात, घराच्या भाराने उतार खचतोय. घर पडलं की उतार वाचेल.

म्हणून मावशीने मला जॅक्सन शहरातून बोलावलं होतं. मी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवते. फोनवर ती म्हणाली, "तू जमिनीची डॉक्टर ना, इडेला? ये आणि एवढंच सांग, ते घर कधी पडेल."

"पाडायचंय का तुला?"

"मला काही करायचं नाहीये. ते आपलं आपण पडलं की मला काही ठरवावं लागणार नाही."

मी किल्ली घेतली. पुढचं दार फुगून बसलं होतं, म्हणून मागून स्वयंपाकघरात शिरले. आत उंदरांचा आणि ओल्या चुन्याचा वास. फरशीवर धुळीचा सारखा थर होता, आणि त्या थरातून दारापासून कोपऱ्यापर्यंत एक पायवाट गेलेली होती. कोपऱ्यात भिंतीला टेकून दाताळं उभं होतं. दात गंजलेले, दांडा हाताळून गुळगुळीत झालेला. पायवाटेत वेगळी पावलं ओळखू येत नव्हती. इतकी ती एकमेकांवर पडलेली होती. मात्र बाजूला एक उमटलं होतं, लहान, टाच आत झिजलेलं. पायवाट दाताळ्यापाशी थांबत होती. पुढे घरात गेलेली नव्हती.

मी पुढे गेले. जेवणाच्या दालनात खिडकीतून वेल आत आला होता आणि त्याने एक खुर्ची उचलून धरली होती. झुंबर चोरीला गेलेलं, वर नुसता आकडा. भिंतीवरचा कागद वरून सुटून लांब पट्ट्यांनी लोंबत होता. वारा नसताना त्यातली एक पट्टी हळूहळू हलत होती. मी थांबले. पट्टीच्या मागून गांधीलमाशी बाहेर आली आणि पट्टी स्थिर झाली.

माझ्या खिशात एक पोलादी गोळी असते. जुन्या घरात शिरले की मी ती जमिनीवर ठेवते. ती कुठे आणि किती जोरात घरंगळते त्यावरून पाया कुठल्या अंगाला बसला आहे ते लगेच कळतं. मी ती दालनाच्या मध्यावर ठेवली.

गोळी हलली नाही.

मी ती उचलून उताराच्या बाजूच्या भिंतीपाशी ठेवली. तिथेही हलली नाही. मग दिवाणखान्यात, मग जिन्याखाली. गिलाव्यातल्या भेगा तपासल्या. सगळ्या केसाएवढ्या बारीक, आत जुनी धूळ भरलेली. ताजी एकही नाही. जिन्याखालची फळी उचलून पायाच्या विटांना हात लावला. विटा कोरड्या होत्या. एका विटेवर बोटांचे ठसे होते. वीट भाजण्याआधी ओल्या मातीवर टेकलेली चार बोटं, लहान मुलाची. मी हात मागे घेतला.

छप्पर गळत होतं, खिडक्या फुटल्या होत्या, तरी घर धडधाकट होतं. इतक्या पडक्या घराचा पाया इतका कोरडा कसा, हे मला कळेना.

वरच्या मजल्यावर जाताना बंद दारामागे काहीतरी फुसफुसलं, मोठ्याने, एकदाच.

"इडेला!" बाहेरून ओथा ओरडला. "जिवंत आहेस का?"

"आहे!"

"मग उत्तर जरा लवकर देत जा. माझं हृदय भाड्याचं नाहीये!"

मी दार ढकललं. पलंगाच्या लोखंडी सांगाड्यावर काळं गिधाड बसलं होतं. त्याने मान खाली घातली, पुन्हा फुसफुसलं, आणि माझ्याकडे बघत राहिलं. मी भिंतीला लागून खिडकीपर्यंत गेले. खालचा उतार तिथून पूर्ण दिसत होता, आणि जमिनीवर उभं राहून जे कुणाला दिसलं नव्हतं तेही दिसलं.

घराच्या भाराने उतार खचला असता तर घराच्या लांबीइतका खचला असता. इथे तसं नव्हतं. घळ एकाच बिंदूपासून सुरू होत होती. तिथून ती पंख्यासारखी रुंद होत खाली गेली होती, आणि तिचं वरचं टोक सरकत सरकत वर, खळग्यांच्या रांगांमध्ये घुसलं होतं. तो बिंदू जाळीच्या सरळ रेषेत होता.

मी खाली उतरून घळीत गेले. आमच्याकडची माती पिवळी, फार पूर्वी वाऱ्याने आणून टाकलेली. कोरडी असली की कड्यासारखी सरळ उभी राहते. पाणी शिरलं की कॉफीतल्या साखरेच्या खड्यासारखी विरते. काठाच्या आत विटांची कमानदार मोरी उघडी पडली होती. तिच्या तोंडाखालची माती धुऊन स्वच्छ झालेली. त्या धुतलेल्या जागेत एक कप आडवा पडला होता. लहान मुलाचा, निळ्या काठाचा. बुडाला मुद्दाम पाडलेलं भोक, आमच्याकडे थडग्यावर ठेवायच्या भांड्याला पाडतात तसं.

मी तो रुमालात घेऊन वर आले.

मावशी गाडीतून उतरून मागच्या पायरीवर बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. बूट काळे, लहान. टाचा आतून झिजलेल्या. मी त्या टाचांकडे पाहिलं आणि रुमाल उघडला.



"माझ्या पर्लीनचा आहे," ती म्हणाली. "तीन महिन्यांची होती. कपाने प्यायला आलीच नाही कधी. पण काहीतरी ठेवावं लागतं." तिने कप हातात घेतला. "कुठे मिळाला?"

"घळीत. खाली."

"ती तर वरच्या रांगेत आहे. शनिवारी कप जागेवर होता."

"आता काठावर आहे, मावशी."

ओथा गाडीतून उतरला. त्या दिवशी पहिल्यांदाच. शेंगांची पिशवी त्याने खिशात कोंबली.

"घर कधी पडेल ते सांग," मावशी म्हणाली.

"पडणार नाही. तू आहेस तोवर नाही. मी आहे तोवरही कदाचित नाही."

"काय सांगतेस! अर्धं छप्पर नाही त्याला!" ओथा म्हणाला.

"पाया कोरडा आहे. छपराचं आणि अंगणाचं सगळं पाणी त्या जाळीत जातं, आणि जाळीतून मोरीने मागे उतारावर. घर बांधून घेणाऱ्यांनी तशीच सोय केली. जमिनीचा मूळ उतार पुढच्या शेताकडे आहे. ते पाणी तसंच सोडलं असतं तर घराखालून गेलं असतं आणि घर केव्हाच कललं असतं. म्हणून त्यांनी पाणी मागे वळवलं. मागे कुणाला पुरतात याची त्यांना फिकीर नव्हती."

"म्हणजे घराचा भार..."

"भाराचा काही संबंध नाही. पाणी आहे ते." मी थांबले. पुढचं मला विचारायचं नव्हतं. "जाळी चोंदली असती तर घर कधीच गेलं असतं. उतार राहिला असता. अकरा वर्षांत ती चोंदायला हवी होती."

मावशीने जाळीकडे पाहिलं.

"मीच काढते पानं," ती म्हणाली. "दर शनिवारी. पर्लीनकडे जाताना वाटेत लागते ती."

ओथा जाळीपाशी गेला आणि वाकून पाहू लागला.

"माझ्या आईचं काम होतं ते. तिच्या आधी तिच्या आईचं. जाळी तुंबली की मोठ्या बाई माडीवरून ओरडायच्या, म्हणून आई आधी पानं काढायची, मग चूल पेटवायची. माझा हात आपोआप जातो. घराला मी हात लावला नाही, इडेला. एक खिळा ठोकला नाही, एक काच बसवली नाही. शब्द दिला होता. जाळी म्हणजे काय घर आहे?"

तिने कप उलटा केला आणि बुडाच्या भोकातून बोट घातलं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"आत्या, तुला काय माहीत होतं त्याचं?"

"गप रे. मला शनिवार मोजू दे." पण इतके शनिवार मोजून होणार नव्हते. ती नुसती ओठ हलवत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पाणी तिसरीकडे नेता येत नाही? दोन्ही राहतील असं?"

"येईल. घराला वळसा घालून पाइप टाकावा लागेल. यंत्रं लागतील, दोनतीन कोरडे महिने लागतील. वादळ उद्या आहे."

"आणि उद्या काय होईल?"

"वरची रांग जाईल."

"सगळी?"

"बहुतेक."

मॅग्नोलियाचं एक पान सुटलं, जाळीवर पडलं. मावशी उठायला लागली, तिचा हात पुढे गेला. मग तिला आपला हात दिसला. तो तसाच हवेत राहिला. वर कुठेतरी गिधाड पंख झाडत होतं. गिलाव्याचा चुरा खिडकीतून खाली सांडला. पहिला वारा आला, लांबून, ओल्या मातीच्या वासाचा.

"मंडळाच्या बायका काय म्हणतील?" ओथा हळूच म्हणाला. "आणि मिस्टर लूशसना दिलेला शब्द?"

"मिस्टर लूशसना पोर नव्हतं," मावशी म्हणाली. "हात लावू नकोस म्हणाले. मी दर शनिवारी लावत होते, आणि माझ्या पर्लीनच्या अंगावर पाणी सोडत होते." तिने कप पर्समध्ये ठेवला, पर्सची कळ दाबली आणि पायरीवरून उभी राहिली. मी आधार द्यायला गेले तर तिने नको म्हणून हात हलवला. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. तिला काय म्हणायचंय ते आम्हाला कळलं होतं, पण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय पोत्याला हात लावायची आमची हिंमत नव्हती.

तिने घराकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओथा," ती म्हणाली, "गाडीतली पोती काढ. जाळी बुजव. घर जाऊ दे."