उंबऱ्यावरची किल्ली

काम लागले तर पदरात काय पडणार, याची बेरीज ताईच्या नवऱ्याने ताईआधीच करून ठेवली होती. वर्षभराची हमी, महिन्याच्या महिन्याला पैसे, आणि थकलेल्या भाड्यावरून घरमालकाचे तोंड बंद. "शिवाय," तो म्हणाला, "तुला 'एखादी नोकरी बघ' म्हणून म्हणून माझीही जीभ दुखायला लागलीय." स्वतःची नोकरी गेल्यापासून तो असले विनोद जरा जास्तच करी.

ताई घरी बसून सुटी कामे घेणारी प्रोग्रामर. या ग्राहकाची माणूस पारखायची तऱ्हा मात्र न्यारीच होती. नमुन्याचे काम सगळ्यांकडून फुकट करून घ्यायचे, आणि शेवटी उरलेल्या दोघांचे काम नावे पुसून एकमेकांच्या हाती द्यायचे.

"उकरा एकमेकांचं," ग्राहकाचा माणूस पडद्यावरून म्हणाला. "दोष आम्हाला ठाऊक आहेत. तुम्हाला दिसतात का, एवढंच बघायचंय."

ताईने समोरच्याचे काम उघडले. नीटनेटके होते. तिने मुद्दाम चुकीची माहिती भरली, तेव्हा पडद्यावर आले : 'काहीतरी चुकलं. घाबरू नका.'

तिचा हात थबकला. हे 'घाबरू नका' धाकट्या भावाला तिनेच शिकवले होते; लाल अक्षरे दिसली की आई घाबरून कॉम्प्युटरच बंद करते, म्हणून.

म्हणजे बारक्याही रांगेत होता, आणि बोलला नव्हता. तीही कुठे बोलली होती! त्याची बायको गरोदर. मागच्याच आठवड्यात फोनवर म्हणाला होता, "एक काम दारात आलंय ताई. हुकलं, तर जागा सोडायची आणि आईकडे जायचं."

"सापडलं का काही?" नवऱ्याने डोकावून विचारले.

"शोधतेय."

शोधायचे काय होते? बारक्या घाईत पासवर्ड प्रोग्राममध्ये उघडाच लिहितो आणि पुसायला विसरतो. "कुलूप लावतोस नि किल्ली उंबऱ्यावर ठेवतोस," असे ती त्याला चिडवायची. ती सरळ त्या जागी गेली. किल्ली तिथेच होती. तिने दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या आणि पाठवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा माणूस खुशीत होता. "काम तुमचं! पण तुमच्यातही घोळ होता, बरं का. बटण दोनदा दाबलं की पैसे दोनदा कापले जातात. समोरच्याला ते दिसलंच नाही. 'दोष नाही' लिहून मोकळा! असली आंधळी माणसं आम्हाला नकोत."

हा घोळ ताईचा जुनाच. आणि आजवर दर वेळी तो बारक्यानेच पकडला होता.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"लागलं ना गं तुझं?"

"हो रे."

"झकास. माझं गेलं. कुणीतरी खडूस भेटला, थेट उंबऱ्यावरच हात घातला." तो हसला.

"बारक्या, तू मुद्दाम..."

"राहू दे. ते बटण तेवढं नीट कर, लोकांचे पैसे जातील. ठेवतो, खोकी भरायचीयत."

जमाखर्च सरळ होता. ग्राहकाला दोन तपासण्या फुकट, घरमालकाला भाडे, ताईला वर्ष. बारक्याची जागा गेली. आणि ग्राहकाच्या दप्तरी त्याच्या नावापुढे शेरा पडला : याला दोष दिसत नाहीत.