अकरा जणी, एका मापाच्या

साडेतीन वाजून गेले होते आणि पाच वाजता बॅनर देवळासमोर लागायचा होता. कोपर स्टेशनजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात मी चौथ्यांदा उठून परत स्टुलावर बसले.

आमच्या भजनी मंडळाला पन्नास वर्षं झाली. सुरुवातीच्या अकरा जणींपैकी आता मी आणि ठमाबाई दोघीच उरलो. बाकीच्यांचे फोटो मी घरोघरी फिरून आणले होते. पंचविसाव्या वर्षी निमंत्रणपत्रिकेत ठमाबाईचाच फोटो राहून गेला होता. ‘जागा पुरली नाही गं,’ असं तेव्हा तिला सांगणारी मीच. या वेळी मी शब्द दिला होता, सगळ्या एका मापाच्या दिसतील.

दुकान चालवणाऱ्या करिश्माने अकराही फोटो एकदम सिलेक्ट केले आणि कोपरा धरून ओढला. सगळ्याच फुगल्या. मोठी होती ती आणखी मोठी झाली, लहान होती ती तिच्यापुढे लहानच.

“असं नको. सारख्या कर.”

“मग उंची सेम टाकते, आजी. दोन सेकंदांचं काम.”

चौकटी एकसारख्या झाल्या, पण चेहरे नाहीत. दहा जणींचे फोटो पासपोर्टचे, चेहरे चौकट भरून. ठमाबाईचा जुना फोटो एकच, ती मिठागरावर कामाला असताना तिथल्या मुकादमाच्या जावयाने काढलेला. डोक्यापासून पायांपर्यंत उभी, हातात फावडं, मागे मिठाची रास. चेहरा वाटाण्याएवढा.

“हिचा नुसता चेहरा घे आणि वाढव.”

“फाटतोय, आजी. बघा ना.” नाकाडोळ्यांचे नुसते चौकोन झाले होते.

मी फोन लावला. “ठमे, दुसरा फोटो आहे का गं?”

“आधारकार्डाव हाय. पन त्यान मी चोरावानी दिसतंय. तो नको.” मग तिने विचारलं, “यंदा पन जागा नाय काय?”

“आहे गं,” म्हटलं आणि फोन ठेवला. चार वाजायला आले होते. दारापर्यंत गेले, परत आले.

“करिश्मा, हिला आहे तशी राहू दे. बाकीच्या दहा जणींना एकदम धर आणि चेहरे हिच्या चेहऱ्याएवढे होईपर्यंत लहान कर.”

“आजी! दहा फुटांचा बॅनर आहे. लांबून मुंग्या वाटतील सगळ्या.”

“वाटू देत. त्यात मीही आहे ना? कर.”

पाचला बॅनर आला. मी तो मुद्दाम खाली, हाताला लागेल असा बांधून घेतला. मंडळाची आताची अध्यक्ष संचिता फाटकातूनच ओरडली, “उत्तराकाकू, हे काय? अर्धा बॅनर रिकामा! कोण दिसतंय यात?”

तेवढ्यात ठमाबाई काठी टेकत पुढे गेली आणि नाक लागेल इतक्या जवळून बघू लागली. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत सरकली आणि फावड्यापाशी थांबली. मी पदराचं टोक पिळत उभी.

मग ती संचिताकडे वळली. “आगो, तिकरून काय बघतंस? हिकडं ये. वाक.”

संचिता आली आणि वाकली.

“आनखी वाक,” ठमाबाई म्हणाली.