कुठला शब्द पाळायचा

डार्ला व्होगलसँग अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे तिथल्या काँग्रेसवर, निवडून आली ती एका वाक्याच्या जोरावर. कॅन्ससमधल्या हार्लन फोर्कच्या जत्रेत डुकरांची शर्यत आटोपल्यावर ती गवताच्या गाड्यावर चढली आणि म्हणाली, "देशाच्या कर्जाची मर्यादा मी एका सेंटनेही वाढू देणार नाही." लोकांनी टोप्या उडवल्या. सगळ्यांत पुढे तिचे वडील उभे होते, लीलंड. या माणसाने जन्मभर हार्डवेअरचं दुकान चालवलं, पण कुणाला खिळासुद्धा उधार दिला नाही. आज रोख, उद्या उधार, हाच त्यांचा धर्म. मुलगी वॉशिंग्टनला निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातात राज्यघटनेची खिशात मावणारी पुस्तिका ठेवली आणि म्हणाले, "वाचत जा, म्हणजे तिथले लोक टोपी घालणार नाहीत."

टोपी कुणी घातलीच नाही. बाई आपली आपणच गोंधळात पडली.

जूनमध्ये सरकारी तिजोरीचा निरोप आला की कर्जाची मर्यादा संपली. ती वाढवायची की नाही यावर दुपारी मतदान होतं. डार्लाच्या कचेरीचा कारभार व्हिटकॉम्ब नावाचा जुना माणूस बघत असे. त्याच्या डोळ्यांदेखत असे बरेच खासदार आले आणि गेले होते.

"माझं ठरलंय," डार्ला म्हणाली. "लाल बटण. विरोधात."

"दाबा की. पण मॅडम, मार्चमध्ये हिरवं दाबलं होतंत."

"तो खर्च होता. माजी सैनिकांचं इस्पितळ होतं त्यात, आपल्या गावचं. फीत मीच कापली."

"त्याचे पैसे कुठून येणार होते?"

"करांतून."

"कर तर फेब्रुवारीत तुम्हीच कमी केलेत."

हॉटेलात पोटभर जेवायचं आणि हात धुतल्यावर, बिल द्यायचं की नाही यावर घरच्यांचं मत घ्यायचं, असा हा प्रकार डार्लाला वाटायला लागला. "ही मर्यादा घालतं कोण?"

"आपणच. काँग्रेस."

"आणि वाढवतं कोण?"

"आपणच."

"मग ठेवायचीच कशाला?"

व्हिटकॉम्बने सँडविचचा घास घेतला. "इतकी वर्षं झाली मॅडम, मलाही कळलेलं नाही."

तिने पुस्तिका काढली. चौदाव्या दुरुस्तीत सरळ लिहिलं होतं की कायद्याने काढलेल्या सार्वजनिक कर्जाबद्दल शंका घेता येणार नाही. "म्हणजे ही मर्यादाच बेकायदा?"

"काही वकील हो म्हणतात, काही नाही म्हणतात."

"राष्ट्राध्यक्ष काय म्हणतात?"

"ते म्हणतात, हे काम काँग्रेसचं."

डार्लाचं डोकं चालेनासं झालं. तिने बापाला फोन लावला. काही अडलं की ती तेच करायची.

"बाबा, सगळ्यांनी लाल दाबलं तर तुमची म्हातारपणाची सरकारी पेन्शन अडकेल बहुतेक."

"माझ्या पेन्शनचा कर्जाशी काय संबंध? माझे पैसे आहेत ते. जन्मभर दुकानाच्या कमाईतून भरलेत."

"भरलेत हो. पण ते सरकारने सरकारलाच उसने दिलेत."

"म्हणजे मी घेणेकरी?"

"हो. आणि देश आपला, म्हणून देणेकरीही तुम्हीच."

"काय वेड्यांचा बाजार मांडलाय तिथे. ते जाऊ दे. तू शब्द दिलास तेव्हा मी समोर उभा होतो, एवढं मला कळतं."

"शब्द मी दोन दिलेत, बाबा. एक गाड्यावर उभं राहून, दुसरा शपथ घेताना, हात वर करून, राज्यघटनेला."

"आधी कुठला दिलास?"

"गाड्यावरचा."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सभागृहात तिने कार्ड खाचेत सरकवलं. समोर बटणं होती, हिरवं, लाल आणि एक पिवळं. पिवळं म्हणजे नुसती हजेरी. ते दाबणाऱ्याला बाबांनी दुकानाच्या पायरीवरही उभं केलं नसतं. तिने लाल दाबलं. भिंतीवर तिच्या नावापुढे लाल दिवा लागला आणि तिला बाबांची पेन्शन आठवली. बाबांचं रक्तदाबाचं औषध, विजेचं बिल, रविवारी चर्चच्या पेटीत टाकायची नोट, सगळं त्या पेन्शनमधूनच निघायचं. मुदत संपत आली होती. तिने कार्ड पुन्हा सरकवलं आणि हिरवं दाबलं. ठराव मंजूर झाला. तिच्या मताने झाला की तिच्यावाचूनही झाला असता, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

गावाला मात्र सगळं कळलं होतं. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत ती थोडक्यात पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वडिलांकडे जेवायला गेली. लीलंडने खिम्याचा मीटलोफ भाजला होता, बटाटे कुस्करले होते. तिच्या ताटात त्यांनी मोठा तुकडा वाढला आणि बसता बसता म्हणाले, "मी त्या दुसऱ्याला मत दिलं."

डार्लाला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "कुणाला?"

"त्या विमाएजंटला. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"तो तरी काय म्हणतोय, बाबा? एका सेंटनेही वाढू देणार नाही, हेच ना? त्यालाही हिरवंच दाबावं लागणार."

"दाबेल. मग त्यालाही पाडू."

तिला इतकं लागलं की काटा खाली ठेवावा लागला. "पेन्शन वेळेवर येतेय ना तुमची?"

"येतेय. उगाच खोटं कशाला बोलू?"

"मग? तुमच्यासाठी दाबलं हो मी ते बटण. तुमचं औषध डोळ्यांसमोर आलं म्हणून."

लीलंडने तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र दुकानातलाच होता.

"तेच म्हणतोय मी. राज्यघटनेसाठी दाबलं असतंस तर मुकाट ऐकलं असतं. पण तुला मी माझ्यासाठी पाठवलं नव्हतं, डार्ला."

ते बरोबर होते की चूक, हे डार्लाला ठरवता येईना. त्यांनी रश्श्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. तिने बटाट्यांवर रस्सा ओतला आणि दोघं जेवायला लागले.