ठळक टाइपातला नंबर

आईला विसरण्याचा आजार होता. ती घरातून निघून गेली, तेव्हा छापखान्यात कामाला असलेल्या दादाने स्वतःच पोस्टर छापलं. त्याने सगळ्यात ठळक टाइप घेतला, जाड रेघ बोटभर आणि बारीक रेघ केसासारखी.

"रस्त्यापलीकडून दिसेल," तो मला म्हणाला.

पण स्वस्त कागदावर बारीक रेघा उमटल्याच नाहीत. फोन नंबरातल्या 4 ची नुसती उभी रेघ राहिली आणि तो 1 दिसू लागला.

पाचव्या दिवशी आई नाल्यात सापडली. जवळचा न्हावी हळहळत म्हणाला, "दोन दिवस माझ्या दुकानासमोरच बसून होत्या हो. किती फोन लावले, पण भलताच माणूस उचलायचा."

"तुमची चूक नाही," दादा म्हणाला आणि भिंतीवरचं पोस्टर नखांनी खरवडू लागला.